यशवंतीचा नकार

मुले ड्रॅगनच्या जाडजूड कादंबऱ्यांत बुडालेली दिसली की घरातली मोठी माणसे म्हणतात, हे आपले नव्हे. शिवाय ही वास्तवापासून पळवाट आहे. यातले काहीच मला मान्य नाही, आणि चेन्नईच्या अड्यारमध्ये राहून तर मुळीच नाही.

‘आपले नव्हे’ हा आक्षेप आधी घेऊ. तुळशीदास शाहिराचा सिंहगडचा पोवाडा ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये आपल्या संग्रहात छापला. त्यात तानाजी ज्या घोरपडीला दोर बांधून कड्यावर सोडतो, ती आपली यशवंती. सभासदाच्या बखरीत ती नाही, आणि घोरपड माणसाचे वजन पेलणार नाही हेही खरे. पण पोवाड्यात नीट ऐकावे असे काही आहे. यशवंती अर्ध्या कड्यावरून माघारी फिरते. पुढे काय होणार हे तिला कळलेले असते. तानाजी मात्र चिडतो, मारून खाण्याची धमकी देतो, आणि ती पुन्हा चढते. योद्धा, त्याचा सरपटणारा सोबती, त्या सोबत्याचा नकार आणि त्यावर गाजवलेली जबरदस्ती, एवढे सगळे चार ओळींत आहे. मुधोळचे घोरपडे घराणे तर आपले आडनावच अशा चढाईशी जोडते. जंजिऱ्याच्या दारावर हत्तींना पंजात धरलेला शरभ आहे. इकडे कांचीपुरमला वरदराजाच्या मंडपात खांबाखांबावर याळी नावाचे कल्पित प्राणी मागच्या पायांवर उभे आहेत आणि त्यांच्या पाठीवर स्वार आहेत. आमच्या पिढीला राक्षस-मांत्रिकांच्या साहसकथा पुरवणारा ‘चांदोबा’ 1952 पासून याच शहरात मराठीत छापला जात होता. एवढे सगळे घरात असताना ड्रॅगनला परका कसे म्हणायचे?

पळवाटेचा आक्षेप ही पुस्तके न वाचता घेतला जातो. ॲन मॅकॅफ्रीच्या 1968 च्या ‘ड्रॅगनफ्लाइट’मध्ये स्वार ड्रॅगन निवडत नाही. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू माणूस निवडते, आणि तो माणूस मेला तर ड्रॅगनही जगत नाही. ख्रिस्तोफर पाओलिनीच्या ‘एरागॉन’मध्ये योग्य माणूस भेटेपर्यंत अंडे फुटतच नाही. नाओमी नोविकची ‘टेमेरेअर’ ही मालिका मला या सगळ्यांत श्रेष्ठ वाटते. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने लढणारा तिचा ड्रॅगन आपल्या जातीसाठी पगार आणि हक्क मागू लागतो. पुढे ड्रॅगनांमध्ये साथ पसरते. इंग्रज सरकारला ती साथ शत्रूच्या ड्रॅगनांनाही संपवायला हवी असते. पण टेमेरेअर आणि त्याचा कप्तान लॉरेन्स औषध फ्रान्सला पोचवतात, आणि कप्तान देशद्रोही ठरतो. ज्या मुलाने हा प्रसंग वाचला, त्याला मुक्या जिवाच्या बाजूने उभे राहण्याची किंमत कळलेली असते. याला पळवाट म्हणणाऱ्यांनी वास्तवाची आपली व्याख्या एकदा तपासावी.

तिसरा आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. या कादंबऱ्या युद्धाची गोडी लावतात, असे म्हणतात. अनेक पुस्तकांबाबत हे खरे आहे. त्यांत ड्रॅगन म्हणजे आग ओकणारे विमान असते; त्याला भूक लागते, पण मत नसते. त्या पुस्तकांची बाजू मी घेणार नाही. माझी कसोटी एकच आहे: त्या जनावराला नाही म्हणता येते का, आणि ते नाही म्हणाले की योद्धा काय करतो? या कसोटीवर उतरणारी कादंबरी युद्धावरची असली तरी युद्धखोर नसते.

ही कसोटी मला पुस्तकांइतकीच अड्यारनेही दिली. थिऑसॉफिकल सोसायटी इथे 1882 मध्ये आली. तिच्या आवारात ॲनी बेझंट यांच्या नावाचा जनावरांचा दवाखाना आहे. इथेच 1936 मध्ये कलाक्षेत्राचा पाया घालणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल 1952 मध्ये राज्यसभेवर गेल्या आणि प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध त्यांनी खासगी विधेयक मांडले. नेहरूंनी सरकारतर्फे कायदा आणण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले. तो कायदा 1960 मध्ये झाला, आणि 1962 मध्ये प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. वयामुळे, आजारामुळे किंवा जखमेमुळे कामाला अयोग्य असलेल्या जनावराला कामाला जुंपणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. जनावराचे थकलेले शरीर जे सांगते, ते ऐकायला माणूस बांधील आहे, हे इथे कायद्याच्या भाषेत लिहिले गेले. चांगली ड्रॅगनकथा हेच बारा वर्षांच्या वाचकाला त्याच्या भाषेत सांगते.

आणि त्याला हे सांगणे फार निकडीचे आहे. यशवंतीचा पोवाडा शाळेच्या स्नेहसंमेलनात गाणाऱ्या आपल्याच समाजात घोरपड तेलासाठी आणि मांसासाठी मारली जाते. ‘हत्थाजोडी’ नावाची पवित्र मुळी म्हणून जे विकले जाते, ते नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचे नाव आहे, तरी हे चालते. त्यामुळे मुलांच्या हातून ड्रॅगन काढून घेऊन त्यांना परंपरा द्या, असे म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे की दोन्ही द्या. आणि मराठीत लिहिणाऱ्या कोणीतरी यशवंतीवर पूर्ण लांबीची अद्भुत कादंबरी लिहावी. तिच्यात घोरपड बोलावी, कड्यावरून का फिरले ते तिने स्वतः तानाजीला सांगावे, आणि तानाजीला ते ऐकून घ्यावे लागावे.