पावती जुनी, प्रश्न आजचा

पुतण्याचा दूरध्वनी आला तेव्हा घरात फराळाच्या डब्यांची बांधाबांध चालू होती. अमेरिकेत जाऊन त्याला बरीच वर्षे झाली. आधी न्यू जर्सीत शिक्षण, मग व्हर्जिनियात नोकरी, लग्न, मुलगी, घर अशा पायऱ्या चढत तो आता अमेरिकी नागरिकत्वाच्या उंबरठ्यावर उभा आहे. मुलाखतीची तारीख आल्याचे त्याने सांगितले, पण स्वरात आनंद नव्हता. "काका, गाडी चालवताना मिळालेल्या जुन्या तिकिटांचं काय करू? मित्र म्हणतात, काही बोलू नकोस. बाबाही तेच म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?"

तिकीट म्हणजे आपल्याकडील दंडाची पावती. अशी तीन प्रकरणे त्याच्या नावावर होती. विद्यार्थिदशेत न्यू जर्सीत 'स्टॉप'च्या पाटीपाशी गाडी पूर्ण न थांबवता पुढे नेल्याचे एक. गाडी चुकीच्या जागी उभी केल्याचे दुसरे. आणि २०१६ साली व्हर्जिनियात महामार्गावर ताशी ८२ मैल, म्हणजे सुमारे १३२ किलोमीटर वेगाने जाताना पकडला गेल्याचे तिसरे. तिन्हींचा दंड त्याने त्याच वेळी भरला होता. त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, यांचे मत ठाम होते : भरलेला दंड म्हणजे मिटलेला विषय, आणि मिटलेला विषय सरकारी माणसापुढे आपण होऊन उकरणे हा शुद्ध वेडेपणा.

आपल्यापैकी अनेकांच्या घरांत आज असा एखादा मुलगा वा मुलगी आहे आणि असा एखादा सल्लाही आहे. म्हणूनच या वरवर क्षुल्लक विषयावर सविस्तर लिहावेसे वाटले.

अमेरिकी नागरिकत्वाच्या अर्जाचे नाव एन-४००. आपल्याला जगात कोठेही, कोणत्याही कारणासाठी पोलिसांनी कधी अटक केली आहे का, स्थानबद्ध केले आहे का, कायदेभंगाची नोटीस दिली आहे का, आपल्यावर कधी आरोप ठेवला गेला आहे का, अशा आशयाचा प्रश्न त्यात आहे. त्यातील 'कधीही' हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो. चारित्र्याची तपासणी मुख्यतः अर्जापूर्वीच्या पाच वर्षांची होते. अमेरिकी नागरिकाशी विवाह झाला असल्यास आणि त्याच आधारावर अर्ज असल्यास तीन वर्षांची. प्रश्नाला मात्र अशी कालमर्यादा नाही. रस्त्यावर पोलिसाने हातात दिलेले तिकीट ही नोटीसच होय. नोंद न्यायालयाने पुसून टाकली असली, तरीही उत्तर द्यावे लागते.

त्याच अर्जाच्या सूचनांत गेली अनेक वर्षे एक सवलतही नमूद असे. दंड ५०० डॉलरहून कमी असेल किंवा परवान्यावर केवळ गुण चढले असतील, अटक झाली नसेल आणि मद्य वा अमली पदार्थांचा संबंध नसेल, तर कागदपत्रे जोडण्याची आवश्यकता नाही. नेमका येथेच घोटाळा होतो. कागद जोडू नका, याचा अर्थ आपली मंडळी 'सांगू नका' असा लावतात. पुरावा न मागणे आणि प्रश्नच न विचारणे यांतला फरक, वर्षानुवर्षे सरकारी कचेऱ्यांचे खेटे घातलेल्या आपल्या पिढीला तरी कळायला हवा.

कायद्याची बाजू पाहू. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली कुंगिस खटल्यात एक सूत्र घालून दिले. शपथेवर, तोंडी, नागरिकत्वाचा लाभ मिळावा या हेतूने जो खोटे बोलतो, त्याचे चारित्र्य कायद्याच्या दृष्टीने चांगले ठरू शकत नाही. ते खोटे महत्त्वाच्या बाबीविषयी असले पाहिजे, अशी अट नाही. याचा व्यवहारातील अर्थ विलक्षण आहे. दीडशे डॉलरच्या दंडाने ज्याचे काही बिघडले नसते, त्याचेच तो दंड दडवल्याने सर्व बिघडू शकते. मुलाखत शपथेवर होते आणि अधिकारी अर्जातील प्रश्न एकेक करून पुन्हा विचारतो. बंधूंचा सल्ला पाळायचा, तर पुतण्याला उजवा हात वर करून सत्य सांगण्याची शपथ घ्यायची आणि पुढच्या काही मिनिटांतच ती मोडायची, असा तो कार्यक्रम होता.

याच सूत्राची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. खोटी साक्ष ठरण्यासाठी हेतू लागतो. पंधरा वर्षांपूर्वीचे एखादे तिकीट खरोखरच स्मरणात नसणे हा अपराध नव्हे. आठवले की सांगावे. मुलाखतीच्या वेळी अर्जातील उत्तर दुरुस्त करता येते आणि अधिकारी तशी नोंद घेतात. विस्मरण आणि लपवाछपवी यांतले अंतर माणसाच्या मनातच असते हे खरे. पण विचारताच मोकळेपणाने सांगणारा आणि पुरावा समोर ठेवल्यावर 'अरे हो' म्हणणारा, हे दोघे कोणत्याही अधिकाऱ्याला सारखे दिसत नाहीत.

हा प्रश्न हास्यास्पद टोकालाही जाऊ शकतो, याची जाणीव खुद्द अमेरिकेच्या सरन्यायाधीशांनी करून दिली होती. एप्रिल २०१७ मध्ये मास्लेनयाक खटल्याची सुनावणी चालू होती. बोस्नियातून आलेल्या एका सर्ब स्त्रीने पतीच्या लष्करी सेवेविषयी खोटे सांगितले होते आणि तिचे नागरिकत्व काढून घेण्यात आले होते. सुनावणीत सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी सरकारी वकिलापुढे स्वतःचेच उदाहरण ठेवले. आपण एकदा ५५ मैलांची मर्यादा असताना ६० मैलांच्या वेगाने गाडी चालवली, पकडले गेलो नाही. ज्यासाठी अटक झाली नाही असा गुन्हा कधी केला आहे काय, या अर्जातील प्रश्नावर हेही लिहायला हवे काय? वकिलाने होय म्हटले, तेव्हा सरन्यायाधीशांनाही नवल वाटल्यावाचून राहिले नाही. जून २०१७ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, या फौजदारी कलमाखाली मिळालेले नागरिकत्व काढून घ्यायचे, तर त्या बेकायदा कृत्याचा नागरिकत्व मिळण्याशी काही संबंध होता, हे सरकारने दाखवले पाहिजे. निकाल योग्यच होता. परंतु तो नागरिकत्व मिळाल्यानंतरचे संरक्षण आहे. मुलाखतीच्या टेबलाशी बसलेल्या अर्जदाराने त्याच्या भरवशावर जीभ सैल सोडू नये.

आता पुतण्याच्या तिसऱ्या पावतीकडे वळू. कारण खरा धोका तिथे होता आणि तो त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हता.

अमेरिकेत रहदारीचे कायदे राज्यांचे आहेत. एका राज्यात जी साधी चूक, ती दुसऱ्या राज्यात फौजदारी गुन्हा. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा २० मैल अधिक किंवा एका ठरावीक वेगापुढे गाडी नेली, तर ते बेदरकार वाहन चालवणे ठरते. हा ठरावीक वेग २०२० पर्यंत ताशी ८० मैल होता, नंतर तो ८५ करण्यात आला. या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद आणि अडीच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. जॉर्जिया राज्यात तर रहदारीचे बहुतेक भंग फौजदारी स्वरूपाचेच मानले जातात. उलट न्यू जर्सीत मद्य पिऊन गाडी चालवणे हे राज्याच्या व्याख्येनुसार रहदारीचाच भंग होय. म्हणून कोणी 'तो गुन्हा नव्हेच' असे समजून गप्प बसला, तर मात्र पंचाईत. मद्याचा संबंध आला की राज्य त्याला काय म्हणते हे गौण ठरते. तपासणीच्या काळात मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल दोन वा अधिक वेळा दोषी ठरलेल्याचे चारित्र्य चांगले नाही असेच आधी गृहीत धरले जावे, असा निर्णय २०१९ साली अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलनी दिला.

तेव्हा २०१६ साली ८२ मैलांवर पकडलेल्या आमच्या चिरंजिवांच्या हाती पडले ते साधे तिकीट नव्हते, तो फौजदारी समन्स होता. वकिलाने खटपट करून आरोप साध्या वेगमर्यादाभंगावर आणला, दंड भरला, आणि हा गृहस्थ सारे विसरून गेला. अर्जात त्याने 'दोन-तीन ट्रॅफिक तिकिटे' एवढेच लिहिले होते. अंतिम निकाल सौम्य असला तरी मूळ आरोप काय होता, हे सांगणे भागच होते.

त्याने पुढे जे केले ते इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. ज्या ज्या राज्यात परवाना होता, तेथील मोटार वाहन विभागाकडून त्याने आपल्या वाहनचालनाचा संपूर्ण उतारा मागवला. व्हर्जिनियातील न्यायालयातून निकालाची प्रमाणित प्रत काढली. जुने दप्तर कधीकधी नष्ट झालेले असते. तसे असेल तर नोंद उपलब्ध नसल्याचे न्यायालयाचे पत्र घ्यावे. मग तारीख, ठिकाण, आरोप, निकाल, दंड भरल्याचा दिनांक असा एक पानी तक्ता केला. थकलेला दंड असेल तर तो मुलाखतीपूर्वी भरलाच पाहिजे, कारण तारखेला हजर न राहिल्याने अनेक ठिकाणी परवाना निलंबित होतो, क्वचित वॉरंटही निघते, आणि तसे वॉरंट आहे हे माणसाला मुलाखतीच्या दिवशी कळणे फार वाईट. न्यायालयाने प्रोबेशनवर ठेवले असेल, तर ती मुदत संपेपर्यंत अर्ज मंजूर होत नाही. अशाने घाई करू नये. अटक, मद्य किंवा कोणास दुखापत यांपैकी काही असेल, तर या विषयाचा जाणकार वकील गाठावा. मित्रमंडळींच्या गप्पांतील कायदा तेथे उपयोगाचा नाही. गाडी उभी करण्याच्या दंडाविषयी वकिलांतही एकमत नाही, कारण ती पावती बहुधा गाडीवर लागते. पुतण्याने तीही तक्त्यात घातली. बरे केले.

सध्याच्या काळात ही सावधगिरी अधिकच आवश्यक झाली आहे. १५ ऑगस्ट २०२५ रोजी, तारीख पाहून आपण क्षणभर थबकावे, अमेरिकी नागरिकत्व विभागाने चारित्र्यतपासणीचे नवे धोरणपत्र काढले. केवळ गुन्हा नसणे पुरेसे नाही. अर्जदाराचे कुटुंबाप्रती कर्तव्य, शिक्षण, नोकरी, करभरणा, समाजातील सहभाग असे सर्व पाहावे, असे त्यात म्हटले आहे. यात वावगे काही नाही. परंतु कायद्याने एरवी आड न येणारे, तरीही नागरी जबाबदारीशी विसंगत असे वर्तनही विचारात घ्यावे, असे सांगताना त्यात बेदरकार किंवा वारंवार केलेल्या रहदारीभंगाचे उदाहरण दिले आहे. 'वारंवार' म्हणजे किती? दहा वर्षांत तीन की पाच? धोरणपत्र आकडा देत नाही. अशा मोघमपणामुळे एका शहरातील अधिकारी जे हसून सोडून देईल, त्यावर दुसऱ्या शहरातील अधिकारी अर्ज अडवून ठेवेल. कायद्याचे राज्य म्हणवणाऱ्या देशाला हे शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिथल्या आपल्या लोकांना हा अनुभव अगदीच नवा नाही. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय हे कायद्याच्या अर्थाने 'गोरे' नाहीत, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्वाचा दरवाजा बंद केला आणि ज्यांना ते आधी मिळाले होते अशा अनेकांकडून ते काढून घेण्याची कारवाई सुरू झाली. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित. नाव मराठी वाटते, जन्म अहमदाबादचा. त्यांच्या स्वतःच्या नागरिकत्वावरही सरकार उठले होते. ते लढले आणि १९२६ साली अपील न्यायालयात जिंकले. सर्वसामान्य भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळायला १९४६ साल उजाडावे लागले. ज्यासाठी त्या पिढीने न्यायालयांच्या पायऱ्या झिजवल्या, ते एका दडवलेल्या पावतीपायी गमवायचे?

बंधूंवर मी फार रागावत नाही. त्यांचा सल्ला आला कोठून, हे मला ठाऊक आहे. चौकात 'मामां'नी अडवले की पावती न फाडता विषय मिटवायचा, हे मीही तरुणपणी केले आहे, एकदा नव्हे. आज ई-चलान थेट भ्रमणध्वनीवर येते, आणि तरीही लोकअदालतीत सवलत मिळेल म्हणून ते महिनोन्‌महिने तसेच ठेवणारे सुशिक्षित लोक माझ्या ओळखीत भरपूर आहेत. नियम मोडल्याची नोंद माणसाच्या नावामागे वीस वर्षे चालत येते, ही कल्पनाच आपल्या अंगवळणी पडलेली नाही.

मुलाखत पार पडली. नागरिकशास्त्राची प्रश्नोत्तरे झाल्यावर अधिकारी बाईंनी तक्ता मागून घेतला, व्हर्जिनियाचा निकाल दोनदा वाचला, त्यानंतर काही तिकीट मिळाले का असे विचारले आणि प्रत ठेवून घेतली. निर्णय त्या दिवशी झाला नाही. तीन आठवडे घरात सगळ्यांनी धाकधुकीत काढले, बंधूंनी तर मला रोज एकदा टोमणा मारला. मग शपथविधीचे पत्र आले.

त्या रात्री बंधू बराच वेळ गप्प होते. १९५५ च्या आपल्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशाचे नागरिकत्व स्वीकारताच भारताचे संपते आणि पारपत्र परत करावे लागते, हे त्यांना मीच सांगितले होते. शेवटी त्यांनी पुतण्याला विचारले ते एवढेच : "त्या अर्जात इकडचंही लिहायचं होतं ना रे? सतराव्या वर्षी माझी स्कूटर घेऊन तू पकडला गेला होतास, ते लिहिलंस का?"

"लिहिलं, बाबा. चौथी ओळ."