लग्न लपवून पीआर नको

कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याचा, अर्ज गेलेला असतो, निकाल यायचा असतो आणि मधल्या काळात लग्न ठरतं. तेव्हा एक सल्ला हमखास मिळतो: आत्ता काही कळवू नका, फाइल लांबेल, पीआर हातात आली की जोडीदाराला स्पॉन्सर करा. माझ्या मते हा सल्ला घातक आहे, कारण माहिती लपवतो एक आणि किंमत मोजतो दुसरा. कॅनडाच्या स्थलांतर नियमावलीतला 117 वा नियम सांगतो की, अर्जदाराला पीआर मिळताना जो जोडीदार अस्तित्वात होता पण जाहीर न केल्यामुळे ज्याची तपासणीच झाली नाही, त्याला पुढे कुटुंब म्हणून स्पॉन्सर करता येत नाही. ‘नंतर बोलावून घेऊ’ म्हणतात तो दरवाजा या लपवण्यामुळेच बंद होतो. ही बंदी पाच-दहा वर्षांनी आपोआप उठत नाही. शिवाय खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर मिळालेली पीआर जाऊ शकते आणि पाच वर्षं प्रवेशबंदी होते. 2019 साली कॅनडाने काही जणांना सवलत दिली खरी. पण ती निर्वासित म्हणून किंवा कुटुंबाच्या स्पॉन्सरशिपवर आलेल्यांसाठी आहे. एक्स्प्रेस एंट्रीतून, कौशल्याच्या गुणांवर गेलेल्या आपल्या मुलामुलींना तिचा उपयोग नाही. त्यांच्या हाती उरते ती मानवतावादी कारणांवरची विनंती, आणि ती मान्य करणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं.

लग्न कळवलं तर एक्स्प्रेस एंट्रीतले गुण कमी होतील, ही भीती मात्र अगदीच निराधार नाही. एकट्या अर्जदाराला वयाचे जास्तीत जास्त 110 गुण मिळतात, जोडीदारासह 100. शिक्षणाचे 150 ऐवजी 140. ही तूट जोडीदाराचं शिक्षण, भाषा आणि कॅनडातला कामाचा अनुभव मिळून 40 गुणांपर्यंत भरून काढू शकतात, पण प्रत्येकाची भरत नाही. म्हणूनच तारीख महत्त्वाची. पीआरसाठी अर्ज करण्याचं आमंत्रण आल्यावर तो भरायला 60 दिवस असतात. त्या दिवसांत लग्न केलं आणि नवे गुण त्या फेरीच्या कटऑफखाली गेले, तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. तिथे आमंत्रण नाकारून पुन्हा उमेदवारांच्या पूलमध्ये थांबणं शहाणपणाचं. अर्ज दाखल झाल्यानंतरच्या लग्नाची गोष्ट वेगळी. गुणांची अट आमंत्रणाच्या आणि अर्ज पोहोचल्याच्या दिवशी पाळलेली असावी लागते, त्यामुळे पुढच्या लग्नाने ती मोडत नाही. जोडीदाराची कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी, शुल्क आणि काही महिन्यांचा उशीर, हे मात्र वाढतं. जोडीदाराला लगेच जायचं नसलं तरी त्याची नोंद आणि तपासणी व्हायलाच हवी. पुढे स्पॉन्सर करण्याचा हक्क त्यानेच शाबूत राहतो.

आणखी एक पळवाट आपल्याकडची आहे: ‘विधी झाले, पण नोंदणी कुठे झालीय?’ हिंदू विवाह कायद्यात नोंदणी हा पुरावा आहे. ती नसली म्हणून रीतसर लागलेलं लग्न रद्द होत नाही. उलट, विधी न करता व्हिसासाठी नुसतं प्रमाणपत्र घेतलं तर त्या कायद्याखाली लग्न झालेलंच नसतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली सांगितलं. विशेष विवाह कायद्याचं मात्र निराळं: तिथे निबंधकासमोर झालं तेच लग्न, हॉलमधला समारंभ नंतर असो वा नसो. तेव्हा पत्रिकेवरची तारीख पुढची आहे म्हणून फॉर्मवर ‘अविवाहित’ लिहिता येत नाही.

नियम निर्दय आहे, असं कोणी म्हणालं तर मी ते नाकारणार नाही. एका न भरलेल्या रकान्यापायी नवरा-बायकोला वर्षानुवर्षं दोन खंडांत राहावं लागणं अन्यायाचंच आहे, आणि निष्पाप जोडीदारासाठी कॅनडाने ही तरतूद सैल करायला हवी. पण ती सैल होईपर्यंत मुलाकडच्यांनी आणि मुलीकडच्यांनी मुहूर्ताआधी फाइल कुठवर आली आहे हे एकमेकांना उघडपणे सांगावं. लँडिंगनंतर, म्हणजे पीआर प्रत्यक्ष लागू झाल्यावर, लग्न केलं तर हा प्रश्न उद्भवत नाही. पीआरचं पुष्टीपत्र हातात असताना केलं, तर ते आधी कळवायचं, जोडीदाराची तपासणी पूर्ण होऊ द्यायची आणि तोवर लँडिंग थांबवायचं.