वाचनाचे वावडे

साहित्याच्या शिक्षकाने दम्याच्या संशोधनाविषयी लिहावे हे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. वाटो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने आपल्या निबंधांना गुण द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यासाठी वापरलेली मोजपट्टी आपल्या शास्त्रातली नव्हती. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर एक ते दोन असेल तर दहा गुण जादा, दोन ते पाच असेल तर पंधरा, पाच ते दहा असेल तर पंचवीस. ही पट्टी विज्ञानाच्या, विशेषतः वैद्यकाच्या घरातून आली. त्या घरात तिने काय दिवे लावले हे पाहण्याचा अधिकार आपल्याला आहे. ॲलर्जी आणि दमा हे त्या घरातले एक दालन.

आधी पट्टी समजून घेऊ. एखाद्या नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा यंदा किती वेळा उल्लेख झाला, त्या संख्येला त्या लेखांच्या संख्येने भागायचे. येणारा भागाकार म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर. ही सरासरी नियतकालिकाची असते, लेखाची नव्हे. १९९७ साली पेर सेग्लेन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिले की, त्यांनी तपासलेल्या नियतकालिकांत निम्मी उद्धरणे जेमतेम १५ टक्के लेखांच्या वाट्याला येतात. म्हणजे वर्गाची सरासरी दोन-चार हुशार मुलांनी वाढवायची आणि प्रगतिपुस्तकात ती सगळ्यांच्या नावे मांडायची! हे गणित शाळेतही कुणी खपवून घेणार नाही. विद्यापीठात मात्र ते खपते.

आता दालनात शिरू. ‘ॲलर्जी’ हा शब्दच मुळी १९०६ सालचा. व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी म्युनिकच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात जेमतेम दोन पानांचे टिपण लिहून तो घडवला. त्यात नवे औषध नव्हते, नवे उपकरण नव्हते. शरीराची प्रतिक्रिया पूर्वीपेक्षा वेगळी होते, या एका निरीक्षणाला ग्रीक धातूंपासून बनवलेले नाव होते. एका शब्दाने एक शास्त्र उभे राहिले. नाव देणे हे ज्ञान असते, हे साहित्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

दुसरे उदाहरण १९८९ चे. डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९५८ साली जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. घरात भावंडे जास्त, विशेषतः थोरली, तर हे फीव्हर कमी, असे त्यांना आढळले. ‘स्वच्छतेचे गृहीतक’ म्हणून पुढे तीन दशके जगभर गाजलेला वाद या दोन पानांतून निघाला. आता आपली पट्टी लावा. १९८९ चा लेख १९९० आणि १९९१ या दोनच वर्षांच्या हिशेबात धरला जातो. १९९२ पासून त्यावर जे काही लिहिले गेले, त्याची त्या नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये किंमत शून्य. जो विचार मुरायला वेळ घेतो, तो या हिशेबात मुळी जन्मलेलाच नसतो.

उलट बाजूही पाहा. २०२० साली ‘ॲलर्जी’ याच नावाच्या युरोपीय नियतकालिकात वुहानमधील १४० कोविडरुग्णांविषयीचा लेख आला. साथीच्या त्या दिवसांत त्याला हजारो उद्धरणे मिळाली. लेख उपयुक्त होता, त्याविषयी तक्रार नाही. पण २०२१ आणि २०२२ च्या हिशेबात त्या त्या वर्षीची ही उद्धरणे नियतकालिकाच्या नावावर जमा झाली आणि त्याच काळात तिथे धुळीतल्या किड्यांवर किंवा परागकणांवर लिहिणाराही त्या आकड्याचा वाटेकरी झाला. त्याचा लेख त्यामुळे तसूभर चांगला झाला नाही आणि वाईटही झाला नाही. तो वाचला गेला की नाही, एवढेच फक्त कळेनासे झाले.

यावर हमखास आक्षेप येतो: मोठे संशोधन अखेर मोठ्या नियतकालिकातच येते ना? येते. भुईमुगाच्या ॲलर्जीचे उदाहरण घेऊ. २००० साली अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला दिला की, ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. २००८ साली गिडियन लॅक यांच्या गटाने ब्रिटनमधील आणि इस्रायलमधील ज्यू मुलांची तुलना केली. इस्रायलमध्ये तान्ह्या वयातच शेंगदाण्याचा खाऊ देतात. तिथे ही ॲलर्जी सुमारे दहापट कमी आढळली. त्याच गटाने ६४० बालकांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. सुरुवातीच्या त्वचाचाचणीत प्रतिक्रिया न आलेल्या मुलांपैकी शेंगदाणा टाळणाऱ्यांत १३.७ टक्क्यांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत १.९ टक्क्यांना. जुना सल्ला उलटाच ठरला. पण बालकांची नोंदणी सुरू झाली होती २००६ साली! मुख्य उत्तराला आठ वर्षांहून अधिक काळ लागला. दरवर्षी गुणांचा तक्ता भरणाऱ्या तरुण संशोधकाने असा प्रश्न हाती का घ्यावा? मोठे नियतकालिक फळ टोपलीत घेते. झाड लावणाऱ्याचा हिशेब ते ठेवत नाही.

आणि आता आपल्या अंगणातली गोष्ट. १९९१ पासून ‘आयझॅक’ या नावाने मुलांच्या दम्याची जागतिक पाहणी झाली. मुंबई, पुणे आणि अकोला ही तिची केंद्रे होती. तिचा कळीचा प्रश्न ‘व्हीझ’ या एका इंग्रजी शब्दावर उभा होता. मराठीत त्याला काय म्हणावे? कुणी घरघर म्हणेल, कुणी शिटी, कुणी सूंसूं, आणि कुणाची आई नुसतेच ‘धाप लागते’ म्हणेल. असा नेमका शब्द अनेक भाषांत नसल्यामुळेच पाहणीकारांना प्रश्नावलीच्या जोडीला चित्रफीत दाखवावी लागली. म्हणजे दम्याची टक्केवारी अनुवादकाच्या शब्दनिवडीवर हलू शकते. २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी रुग्ण आहेत. जगातील रुग्णांत आपला वाटा सुमारे १३ टक्के, दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र ४० टक्क्यांहून अधिक. मुलाला ‘बाळदमा’ आहे असे सांगून डॉक्टर ‘दमा’ हा शब्द का टाळतात, आईबाप ‘पंपा’ला का घाबरतात, या प्रश्नांत भाषा आहे, लाज आहे, समाज आहे. त्यांवर मराठीत लिहिलेल्या उत्तम निबंधाला कोणता इम्पॅक्ट फॅक्टर मिळणार? ज्या लेखाने नगर जिल्ह्यातले मूल वाचू शकेल, तो लेख या पट्टीवर दिसतच नाही.

मान्य करू की आकडा उगाच आला नाही. निवडसमित्यांतली वशिलेबाजी, जातीची आणि गटाची गणिते आपण सर्वांनी पाहिली आहेत. आकडा निदान नातेवाईक ओळखत नाही, ही त्याची बाजू खरी. पण वशिला गेला का? त्याने फक्त पत्ता बदलला. पैसे घेऊन छापणारी नियतकालिके रातोरात उगवली. २०१८ साली आयोगालाच आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली, मग ‘केअर’ यादी आली, आणि २०२५ साली तीही गुंडाळली गेली. यादी बदलली, वाचणारा आला नाही. तिकडे २०२३ पासून मानव्यविद्यांच्या नियतकालिकांनाही इम्पॅक्ट फॅक्टर मिळू लागला आहे. काही मित्रांना त्याचा आनंद झाला. मला तो बैलाला नव्या जोखडाचा व्हावा तसा वाटला.

उपाय नवा नाही. उमेदवाराने आपले तीन निबंध द्यावेत, समितीने ते वाचावेत, प्रत्येक सदस्याने आपले मत सही करून लिहावे आणि ते उमेदवाराला दाखवावे. वशिल्याला अज्ञात आकड्यापेक्षा सहीचे भय अधिक असते. याला वेळ लागतो, हे एकच उत्तर मला आजवर मिळाले आहे. वैद्यकाच्या माणसाने ते दिले तर एक वेळ समजू शकतो. त्याच्या दारात रुग्ण खोळंबलेले असतात. पण ज्यांना पगारच वाचण्याचा मिळतो, त्या आपण वाचायला वेळ नाही म्हणावे? मग वावडे आकड्यांचे नाही, वाचनाचेच आहे. आणि त्याची लागण आपल्याला वैद्यकाकडून झालेली नाही.