आधी टेबल द्या, मग क्लासचं बघू

दहावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यात दोन प्रकारची माणसं सल्ले द्यायला लागतात. एक म्हणतात, "लातूरला टाका, नाहीतर इंजिनिअरिंग विसरा." दुसरे म्हणतात, "क्लास कशाला? मोबाइलमध्ये सगळं फुकट आहे, पोरानं मनावर घेतलं पाहिजे." पहिल्यांच्या सल्ल्यानं घरातलं सोनं गहाण पडतं. दुसऱ्यांच्या सल्ल्यानं पोरगं सीईटीत आपटतं आणि 'यानं मनावरच घेतलं नाही' हा शिक्का आयुष्यभर वागवतं. मला या दोघांशीही भांडायचं आहे.

आधी लातूरवाल्यांशी. लातूर आपल्याला परकं नाही. १९८२ पर्यंत ते आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. 'लातूर पॅटर्न'चं नाव झालं ते राजर्षी शाहू, दयानंद अशा कॉलेजांमुळे. म्हणजे क्लासमुळे नव्हे, कॉलेजमुळे. वर्गात शिकवायचं, अभ्यासक्रम वेळेत संपवायचा, सराव परीक्षा घ्यायच्या, पेपर तपासून हातात द्यायचे आणि चुकलेलं पुन्हा सोडवून घ्यायचं, एवढाच तो पॅटर्न. त्यात जादू कुठली? ते काम कॉलेजच्या मास्तरांनी करायचं होतं. आज अनुदानित कॉलेजचा पगार शासन देतं, मुलाचं नाव तिथं असतं आणि मूल मात्र क्लासमध्ये बसलेलं असतं. २०१८ मध्ये शासनानं सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी लावायला सांगितली, ती हौस म्हणून नव्हे. मी स्वतः शिक्षक आहे, म्हणून हे बोलणं माझ्याच बिरादरीला झोंबेल. झोंबू दे. जे काम आमचं होतं ते आम्ही सोडलं, म्हणून बाजारात त्याचं दुकान लागलं.

त्या दुकानाला आता आठवीतलं पोरसुद्धा हवं आहे. जानेवारी २०२४ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सोळा वर्षांखालच्या मुलाला कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये. तरी 'फाउंडेशन बॅच'च्या जाहिराती येतात, आणि आपण त्या मोठ्या कौतुकानं एकमेकांना पाठवतो.

आता 'मोबाइलमध्ये सगळं आहे' म्हणणारे. खरं आहे, पुष्कळ आहे. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, एनसीईआरटीची तर उर्दूतही. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं आयआयटी कानपूरसोबत २०२३ मध्ये 'साथी' नावाचं फुकट व्यासपीठ सुरू केलं. जेईईचे जुने पेपर मिळतात. पण हे सल्लागार कधी सांगत नाहीत की सीईटीचा पेपर असतो तरी कसा. दीडशे प्रश्न, दोनशे गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत, आणि मॅथ्सचे पन्नास प्रश्न पुढच्या नव्वद मिनिटांत. मॅथ्सच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, म्हणजे निम्मे गुण एकट्या मॅथ्सचे. सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीवर, २० टक्के अकरावीवर. स्वतः अभ्यास करणाऱ्या मुलाला हे पहिल्या दिवशी माहीत हवं. आपल्याकडे ते हॉलतिकीट आल्यावर कळतं.

आणि आता त्या पेपरची भाषा. फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर इंग्रजी, मराठी, उर्दू तिन्हींत घेता येतो. मॅथ्सचा फक्त इंग्रजीत. म्हणजे ज्या पेपरात निम्मे गुण, तिथं मराठी आणि उर्दू दोन्ही दाराबाहेर. २०२१ पासून केंद्राची जेईई मेन तेरा भाषांत होते. त्यात मराठी आहे, उर्दू आहे आणि गणितही त्या भाषांत विचारलं जातं. दिल्लीला जमतं ते महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाला का जमू नये? मराठीच्या अभिजात दर्जाचा जल्लोष करणाऱ्यांनी हा प्रश्न विचारायला हवा होता. उर्दूवाल्यांनीही विचारला नाही. आपण मुशायऱ्यात उर्दूसाठी रडतो, गणिताच्या पेपरासाठी रडत नाही.

उर्दू माध्यमाच्या पोराचं काय होतं ते मी रोज बघतो. दहावीपर्यंत त्यानं त्रिकोणाला 'मुसल्लस' म्हटलेलं असतं, कोनाला 'ज़ाविया', समीकरणाला 'मसावात'. फिजिक्समध्ये जडत्व म्हणजे 'जमूद'. अकरावीच्या वर्गात एका सकाळी हे सगळे शब्द गायब होतात. पोराला गणित येत असतं, पण प्रश्न काय विचारला आहे तेच कळत नाही. मग घरचे म्हणतात, उर्दूत घातलं तिथंच चुकलं. हे मला साफ नामंजूर आहे. ज्या निजामाच्या नावानं आपला जिल्हा उस्मानाबाद म्हणून ओळखला गेला, त्याच्याच काळात १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं. तिथं डॉक्टरकी आणि इंजिनिअरिंग उर्दूतून शिकवलं जाई. पुस्तकं उर्दूत आणण्यासाठी दारुल-तर्जुमा नावाचं स्वतंत्र भाषांतर खातं होतं. भाषेत खोट नव्हती आणि आजही नाही. नाही तो पूल. आठवीपासून मुसल्लसशेजारी 'ट्रँगल' लिहायला लावा, मसावातशेजारी 'इक्वेशन'. रोज पाच शब्द. तीन वर्षांत पोरगं अकरावीचं इंग्रजी पुस्तक स्वतः उघडू शकतं. जे पोरगं पुस्तक स्वतः उघडू शकत नाही, त्याला 'सेल्फ स्टडी कर' म्हणणं ही थट्टा आहे. मराठी माध्यमाच्या पोरालाही हेच लागू, फक्त तिथं सेमी-इंग्रजीनं थोडं काम झालेलं आहे.

दुसरी गोष्ट जागेची. दोन खोल्यांचं घर, पाच-सात माणसं, टीव्ही, पाहुणे. अशा घरात नव्वद मिनिटांचा पेपर घड्याळ लावून कोण सोडवणार? ज्याला लोक 'मनावर घेणं' म्हणतात, त्यातलं निम्मं म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि कुणी हाक न मारण्याची हमी. क्लास विकतो तेही बरंचसं तेच. शिकवणं एकवेळ मोबाइलवर मिळेल, पण आठवड्याला पेपर देणारी चार पोरं शेजारी बसलेली मोबाइलवर मिळत नाहीत.

हे आपण उभं करू शकतो. पण निवडणूक आली की उमेदवाराकडे आपण काय मागतो? कब्रस्तानची भिंत आणि शादीखाना. भिंत हवी, मान्य. शादीखानाही असू दे. पण लग्नसराई सोडली तर तो कुलूप लावून पडलेला असतो. त्या हॉलमध्ये वीस टेबलं, पंखे आणि बालभारतीचे दोन संच टाकले आणि दर रविवारी पेपर घेतला, तर बारावी झालेला मोहल्ल्यातलाच एखादा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी तपासायला मिळतो. एका पोराला दोन वर्षं लातूरला ठेवायला फी, खोली आणि मेस धरून जो खर्च येतो, त्यात वीस पोरांची सोय होते. ज्याला ऐपत आहे त्यानं खुशाल क्लास लावावा. माझा राग कर्ज काढून लावलेल्या क्लासवर आहे.

सरकारी दारं तर आपण ठोठावतच नाही. ओबीसींसाठी 'महाज्योती' सीईटी-जेईईचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, टॅबसुद्धा देते. अत्तार, बागवान, तांबोळी, पिंजारी हे सगळे महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. पण जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर वेळेत काढलेलं घर शोधावं लागतं. 'इस्लाममध्ये जात नाही' हे वाक्य मशिदीत बरोबर आहे. तहसील कार्यालयात ते पोराचं नुकसान करतं.

मुलींचं तर सगळंच वेगळं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क माफ झालं. फी हे कारण संपलं. आता उरलं काय? गावातल्या अभ्यासिकेत मुलं रात्री अकरापर्यंत बसतात, मुलीला मगरिबची अजान घरी बोलावते. घरी आली की भाकरी, भांडी, धाकट्यांचा अभ्यास. तरी दहावीच्या निकालात आपल्या मुलीच पुढे असतात, आणि बारावी सायन्सला त्यातल्या निम्म्याही दिसत नाहीत. शादीखान्यातली ती वीस टेबलं लागलीच, तर दुपारी दोन ते सहा ती मुलींसाठी ठेवा. किल्ली एखाद्या शिक्षिकेकडे द्या, कमिटीच्या सदरांकडे नको. सदर दुपारी झोपलेले असतात.