आईबरोबर काढलेली शिवारफेरी



मागच्या खेपेला आपण रब्बी ज्वारीच्या बीजप्रक्रियेविषयी बोललो. आज हरभऱ्याच्या पेरणीवर लिहायचे ठरवले होते. परंतु येत्या १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन आहे, आणि त्याआधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालावी असे वाटले. हरभरा पुढच्या खेपेला.

आमचे मूळ गाव पुरंदर तालुक्यात. नोकरीच्या निमित्ताने मी हडपसरला घर केले. वडील वारल्यावर आई गावी एकटी राहू लागली. तिचे वय तेव्हा अठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिला आग्रहाने पुण्यात आणले. घर तिसऱ्या मजल्यावर, पण लिफ्ट आहे. नळाला पाणी, हाताशी दवाखाना, रस्त्यापलीकडे विठोबाचे देऊळ. आणखी काय हवे, असे आम्हाला वाटले.

पहिला आठवडा आई रोज देवळात गेली. मग एक दिवसाआड जाऊ लागली. महिन्याभराने घराबाहेर पडणेच तिने बंद केले. विचारले तर म्हणे, गुडघे दुखतात. मी तेल आणले, गोळ्या आणल्या. शेवटी माझ्या पत्नीने सांगितले, ‘अहो, गुडघ्याचं काही नाही. आईंना रस्त्याची भीती वाटते.’

संध्याकाळी आईजवळ बसून विचारले. तेव्हा ती म्हणाली, ‘आरं, कऱ्हेला पूर आला तर मानूस काठावर बसून पानी उतरायची वाट बघतंय. ह्या रस्त्याचं पानी उतरतच न्हाई. कुठवर बसू?’

त्या रात्री मला झोप आली नाही. पाणलोटाचे काम करताना आम्ही गावाला काय सांगतो? आराखडा कचेरीत बसून होत नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत शिवार पायी फिरा, ज्याचे शेत आहे त्याला बरोबर घ्या, कुठे माती वाहते, कुठे पाणी मुरते ते त्याला विचारा. जन्मभर ही गोष्ट लोकांना सांगितली, आणि घरच्या आईबरोबर मात्र देवळापर्यंतसुद्धा चालून पाहिले नाही!

पुढच्या रविवारी वही आणि मोजणीची फीत घेऊन आईबरोबर निघालो. घर ते देऊळ, जेमतेम तीनशे पावले. वहीत काय आले ते सांगतो. पदपथाची कड रस्त्यापासून फार तर १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच उंच असावी असा संकेत आहे. एका ठिकाणी ती नऊ इंच भरली. तेथे आईला माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. पुढे पदपथावर मोटारसायकली उभ्या, म्हणून खाली रस्त्यावर उतरावे लागले. पुन्हा चढायचे तर पुन्हा तेवढीच उंची. वाटेत टेकायला कुठे जागा नाही.

मग आला चौक. रस्ता २४ मीटर रुंद आणि पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा २० सेकंदांचा. हा हिशेब माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरून केलेला असतो. धडधाकट माणसाला तो पुरतो. आईची चाल मी घड्याळ लावून पाहिली. २० मीटरला तिला २७ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला पाऊण मीटरही नाही. तेव्हा २० सेकंदांत ती १५ मीटर जाणार. उरलेले ९ मीटर गाड्या सुटल्यानंतर चालायचे! तिची भीती खोटी नव्हती, आमचाच हिशेब चुकला होता.

यावर उपाय नाही असे नाही. सिंगापुरात २००९ पासून म्हाताऱ्या माणसांना एक सोय आहे. चौकातल्या खांबावर आपले कार्ड लावले की हिरवा दिवा काही सेकंद जास्त थांबतो.

पुण्यातही काही चांगले झाले आहे. २०१६ साली महापालिकेने पायी चालणाऱ्यांसाठी धोरण मंजूर केले. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद झाले, बसायला बाक आले. २०२१ च्या ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा गजबजलेला भाग दिवसभर गाड्यांना बंद ठेवून पायी चालणाऱ्यांना मोकळा करून दिला होता. एके दिवशी आईला रिक्षाने जंगली महाराज रस्त्यावर नेले. जी बाई गुडघे दुखतात म्हणून दाराबाहेर पडत नव्हती, ती तेथे अर्धा तास चालली. मध्ये दोनदा बाकावर बसली, शेजारच्या आजींशी बोलली, कोठिंबिरीचा भाव काय म्हणून विचारूनही झाले. गुडघे तेच होते, फक्त रस्ता बदलला होता.

याच्या उलटही एक उदाहरण आहे. २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर बसगाड्यांसाठी वेगळी वाट आखली. बस लवकर जावी हा हेतू चांगलाच. पण थांबे रस्त्याच्या मधोमध आले, आणि बस गाठायची तर आधी वाहत्या गाड्यांतून अर्धा रस्ता पार करणे आले. तरण्या माणसाला त्याचे काही वाटत नाही. काठी टेकत येणाऱ्याला मात्र तो अर्धा रस्ताच नदीएवढा होतो.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, ही शहराची रडगाणी आम्हाला कशाला? आमच्या गावात ना सिग्नल, ना गर्दी. म्हातारपण काढावे ते गावातच. मीही असेच म्हणत होतो. दिवाळीनंतर आई गावी परत जायचे म्हणाली, तेव्हा मलाही वाटले, चला, तेथे तिला मोकळे वाटेल.

जानेवारीतल्या एका पहाटे गावाहून फोन आला. रात्री परसातल्या संडासाला जाताना आई पडली. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. खुब्याचे हाड मोडले नाही हे नशीब. त्या वयात खुबा मोडला की पुष्कळ माणसे पुन्हा पहिल्यासारखी उठत नाहीत.

जाऊन पाहिले. संडासाच्या दाराशी एकच दगडी पायरी, उंची चांगली एक फूट. धरायला काही नाही, दिवा नाही. तो दगड दुसऱ्या कोणी ठेवला नव्हता. संडास बांधला तेव्हा मीच तो उचलून ठेवला होता. समतल चराचे उतार मोजणाऱ्या माणसाने आईच्या पायरीची उंची मोजली नव्हती. पुण्याच्या रस्त्याला मी नावे ठेवत होतो, आणि माझ्याच दारात नऊ नव्हे, बारा इंचांची कड होती.

मग तीच वही घेऊन गावातून फिरलो. काँक्रीटचा रस्ता थरावर थर चढून घरांच्या ओट्यांहून उंच झालेला. पुढे उघडे गटार, त्यावर डुगडुगणारी फरशी. वडाचा पार रस्ता रुंद करताना गेला, त्यामुळे म्हाताऱ्यांची बसायची जागाही गेली. बँकेला पाच पायऱ्या, कठडा नाही. रेशनच्या रांगेत सावली नाही. गाडीत चढायची पायरी उंच असेल तर सवलत फलाटावरच राहते, हे आपण जाणतोच. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, ही मोठीच सोय. पण घरापासून थांब्यापर्यंत पोचण्याची सोय गावानेच करायची आहे.

आणि गावानेच ती करायला हवी, कारण म्हातारी माणसे गावातच जास्त आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची सुमारे १० कोटी ३८ लाख माणसे होती. त्यांतली सात कोटींहून अधिक खेड्यांत राहणारी. तरणी मुले पुण्या-मुंबईला जातात, मागे राहतात ते आईबाप. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली शहरे वृद्धांना सोयीची कशी करावीत यावर एक मार्गदर्शिका काढली. तिच्यासाठी जगातल्या ३३ शहरांत काम झाले, आपल्याकडची दिल्ली आणि उदयपूर त्यांत होती. त्यांनी केले काय, तर म्हाताऱ्या माणसांना एकत्र बसवून विचारले, तुम्हाला अडते कुठे? म्हणजे ती एका प्रकारची शिवारफेरीच झाली. शहराला जमते ते हजार-दोन हजार वस्तीच्या गावाला का जमू नये?

आम्ही गेल्या वर्षी १ ऑक्टोबरला गावात अशी फेरी काढली. चार आज्या, तीन आजोबा, सरपंचबाई, ग्रामसेवक आणि शाळेची पाच-सहा मुले. चालण्याचा वेग आज्यांचा. त्या जेथे थांबतील तेथे सगळ्यांनी थांबायचे आणि मुलांनी वहीत लिहायचे, का थांबल्या. आम्हाला वाटले होते, त्या देवळापुढे सभामंडप मागतील. पण बाजारतळावर पोचल्यावर एक आजी हळूच सरपंचबाईंना म्हणाल्या, ‘बाई, बाजारच्या दिवशी आम्ही सकाळपासून पानी पीत न्हाई. जायाचं कुठं?’ सगळे गप्प झाले. बाजारतळावर बायकांसाठी मुतारी नव्हती, आणि इतक्या वर्षांत हे कोणी विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी २ ऑक्टोबरची ग्रामसभा होती. यादी तेथे वाचून दाखवली आणि ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घातली. वर्षभरात काय झाले? बँकेच्या पायऱ्यांना कठडा बसला. एसटी थांब्यावर पाठीचे दोन बाक आले. वडाखाली लहानसा का होईना, पार पुन्हा बांधला. बाजारतळावरच्या मुतारीचे काम सुरू आहे. गटारे मात्र अजून उघडीच आहेत. त्यासाठी यंदा पुन्हा फेरी निघणार आहे.

आता घरच्या घरी करायच्या गोष्टी सांगतो. पायरीची उंची सहा इंचांपेक्षा जास्त नको, आणि पाऊल पूर्ण मावेल इतकी, म्हणजे फूटभर रुंद हवी. उंच एक पायरी असेल तर तिच्या दोन करा. उतार करायचा तर एक फूट चढाला बारा फूट लांबी धरा. त्याहून उभा उतार पायरीपेक्षा वाईट. मोरीत आणि संडासात भिंतीला घट्ट पाइप बसवा, उभ्या माणसाच्या कमरेच्या आसपास, जमिनीपासून ८० ते ९० सेंटिमीटरवर. खाली बसून उठणे जड जात असेल तर बैठकीशेजारी खाली आणखी एक धरणी लावा किंवा कमोडची खुर्ची आणा. मोरीत गुळगुळीत फरशी नको, खरबरीत हवी. अंथरुणापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा राहू द्या. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना पायरीची कड दिसत नाही, म्हणून कडेला पिवळा किंवा पांढरा पट्टा मारा. बसायची जागा दीड फूट उंच असावी. खाली बसकी असेल तर माणूस तिच्यावरून उठू शकत नाही. आमच्या घरी या सगळ्याला जो खर्च आला, त्यापेक्षा एका हंगामाच्या फवारणीला जास्त लागतात.

आणि एक क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : १४५६७. ही ज्येष्ठ नागरिकांची मोफत मदतवाहिनी आहे. योजनांची माहिती हवी असो, घरात त्रास होत असो किंवा नुसते मन मोकळे करायचे असो, तेथे फोन करता येतो.

आईचा हात बरा झाला आहे. हिवाळ्यात ती गावी असते, उन्हाळ्यात आमच्याकडे. पुण्यातला तो चौक अजून तसाच आहे. सकाळी मी तिला हात धरून पलीकडे नेतो, आणि उरलेले ९ मीटर हात वर करून गाड्या थांबवतो. चालक थांबतात. त्यांच्याही घरी कोणीतरी असेलच. पण प्रत्येक आईला सकाळी हात धरायला मुलगा मोकळा असतोच असे नाही. म्हणून रस्ताच असा हवा की हात धरायची वेळ येऊ नये.

तेव्हा येत्या १ ऑक्टोबरला सत्काराचे नारळ आणि शाली जरूर द्या, पण त्याआधी एक तास म्हाताऱ्या माणसांबरोबर गावातून चाला. त्यांच्या वेगाने चाला. ते थांबतील तेथे थांबा, आणि का थांबले ते लिहून घ्या. वही दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत घेऊन जा. आपण बांधावर आंबा लावतो तो पुढच्या पिढीने खावा म्हणून. ही पायरी मात्र आपण आपल्यासाठीच बांधतो आहोत. वीस-पंचवीस वर्षांनी तिच्यावर आपलेच पाय पडणार आहेत.