ओट्यावरची कपाटं

गेल्या दिवाळीच्या आधी मी आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरातली कपाटं पुसली. वय वर्षे ७४. हसू नका! हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, स्टुलावर चढायला डॉक्टरांची सक्त मनाई. म्हणून मी चढलो, आणि ही खाली खुर्चीवर बसून सूचना देऊ लागली. (मुलाला हे कळवलेलं नाही.)

गॅसच्या वरच्या कपाटाच्या माथ्यावर बोट टेकवलं, तर ते चिकटून बसलं. मधाच्या रंगाचा थर आणि त्यात रुतलेली धूळ. मी शहाणपणाने दुकानातून एक फवारा आणला होता. दोनदा मारला मात्र, हिला खोकल्याची अशी उबळ आली की खिडक्या उघडून बाहेर बसवावं लागलं. दम्याचा त्रास आहे तिला. फवारा गेला अडगळीत. "अहो, खायचा सोडा काढा," एवढंच म्हणाली.

आता सोडा म्हटलं की लोक लगेच त्यात लिंबू पिळायला नाहीतर व्हिनेगर ओतायला सांगतात. फसफसून फेस येतो, काहीतरी जोरदार घडतंय असं वाटतं. मी जन्मभर मराठी शिकवलं, विज्ञान नव्हे. पण आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की एकमेकांना संपवतात, एवढं शाळेच्या पुस्तकातही आहे. फेस विरला की उरतं खारट पाणी. चिकटा जागच्या जागी! लिंबू हवं तर वेगळं वापरा, आणि कडाप्प्यावर किंवा संगमरवरावर सांडू देऊ नका, डाग पडतो.

खरी गंमत त्या थराची आहे. फोडणीचं तेल वाफेबरोबर उडतं, कपाटावर बसतं आणि हवा लागून हळूहळू घट्ट होतं. चित्रकार रंगात जवसाचं तेल घालतात ते ह्याच गुणासाठी. म्हणजे महिन्याभराचा चिकटा हे तेल असतं, पण वर्षभराचा चिकटा हे जवळजवळ व्हार्निश असतं. त्याला घाई चालत नाही. आम्ही आधी गोडेतेलाचा हात फिरवला (तेलाने तेल सुटतं, हे तिचं म्हणणं खरं निघालं), मग थोड्या पाण्यात कालवलेला सोडा लावला, वर गरम पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं दाबून ठेवलं. शेवटी रात्रभर भिजवून उकळलेल्या रिठ्याच्या पाण्याने पुसलं आणि लगेच कोरडं केलं, कारण प्लायवूडच्या कडा पाणी पिऊन फुगतात. चार दारांना दोन दुपारी लागल्या. खांदा आठवडाभर दुखत होता.

म्हणून 'घरगुती' आणि 'नैसर्गिक' ह्या शब्दांचं जे कौतुक चाललंय, त्याबद्दल मला थोडं बोलायचं आहे. आमच्या लहानपणी कपाटं नव्हती, भिंतीतलं फडताळ होतं आणि चुलीची राख होती. राखेने भांडी लखलखायची, हे सगळे सांगतात. आईच्या बोटांना भेगा पडायच्या, त्यांत ती रात्री कोकम तेल भरायची, हे कुणी सांगत नाही. राखही नैसर्गिकच होती की! ती स्वस्त होती, आणि आईचा वेळ त्याहून स्वस्त धरला होता. आमच्या घरातही चाळीसएक वर्षं ही कपाटं स्वच्छ राहिली, ती सोड्यामुळे नव्हे. शाळेतून आल्यावर मी वह्या तपासायला बसायचो. तीही नोकरी करायची, पण ती आल्यावर फडकं घ्यायची. मला ते दिसायचं, पण काम म्हणून दिसायचं नाही.

आता कपाटांच्या माथ्यावर जुनी वर्तमानपत्रं अंथरली आहेत, महिन्याने बदलतो. गॅसवरचं दार शनिवारी संध्याकाळी गरम पाणी आणि चमचाभर सोडा घेऊन मी पुसतो. पाच मिनिटांचं काम. परवा हिने त्यावर बोट फिरवून पाहिलं, मग चष्मा लावून पाहिलं, आणि म्हणाली, "मुठीच्या मागे राहिलंय."