चालत्या यंत्राला मोडीत काढण्याचा अधिकार कोणाचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी जगातील कोट्यवधी संगणक एकाएकी ‘जुने’ ठरले. त्यांच्यात कोणताही बिघाड झाला नव्हता. आदल्या दिवशी ते जसे चालत होते तसेच दुसऱ्या दिवशीही चालले. घडले ते इतकेच की, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या आपल्या कार्यप्रणालीची नियमित देखभाल त्या दिवशी थांबविली. तिची जागा घेणाऱ्या विंडोज ११ साठी कंपनीने ज्या अटी घातल्या आहेत त्यांत टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी, किमान ४ जीबी रॅम हवी, ६४ जीबी साठवण हवी आणि कंपनीने मान्य केलेल्या यादीतला प्रोसेसर हवा. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे, म्हणजे साधारणतः २०१७ पूर्वीचे, बहुतेक प्रोसेसर या यादीत नाहीत. ज्याच्याकडे तसा संगणक असेल त्याने नवा घ्यावा, हा या अटींचा सरळ अर्थ होय.

घरगुती वापरकर्त्यांसाठी कंपनीने एक वर्षाची मुदतवाढ जाहीर केली. तिची किंमत ३० डॉलर ठेवली, आणि पैसे द्यावयाचे नसल्यास आपल्या संगणकाची मांडणी कंपनीच्या खात्यावर नोंदवून ठेवण्याची सोय सांगितली. युरोपातील ग्राहक संघटनांनी याविरुद्ध आवाज उठविल्यावर तेथील वापरकर्त्यांपुरती ही अट मागे घ्यावी लागली. तांत्रिक अपरिहार्यता म्हणून जे सांगितले जाते ते संघटित दबाव येताच मऊ पडत असेल, तर ती अपरिहार्यता नव्हेच. ते धोरण आहे, आणि धोरणाला धोरणानेच उत्तर द्यावे लागते.

या निकालाची झळ कोणाला बसते? मोठ्या कंपन्या आपले संगणक तीन-चार वर्षांनी बदलीतच असतात. दहा वर्षांपूर्वीचा संगणक आढळतो तो तालुक्याच्या गावातील वाचनालयात, कामगार संघटनेच्या कचेरीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत, बाजारपेठेतील झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात. तेथे नव्या संगणकाचे पैसे वर्गणीतून किंवा रोजच्या गल्ल्यातून काढावे लागतात. आणि टाकून दिलेल्या यंत्राचे पुढे काय होते? संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला; त्यापैकी अवघ्या २२.३ टक्के कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. उरलेला कोठे जातो याचे एक उत्तर दिल्लीच्या सीलमपूर वस्तीत मिळते. तेथे उघड्या हातांनी यंत्रे फोडून त्यांतील धातू वेगळे करणारे मजूर या ‘प्रगती’ची किंमत आपल्या फुप्फुसांनी मोजत आहेत.

पर्याय कोणता?

देखभाल थांबलेली कार्यप्रणाली इंटरनेटला जोडून तशीच चालवीत राहणे धोक्याचे आहे. तेव्हा प्रश्न असा की, कंपनीने टाकलेल्या यंत्राला दुसरा आधार आहे काय? तो आहे, आणि तो आजचा नाही. वापरणाऱ्याला आज्ञावली वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क असावा म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला तो १९८३ साली. लिनस टॉरवल्ड्स यांचा लिनक्स हा गाभा १९९१ चा. दोहोंना एकत्र बांधून जगभरच्या स्वयंसेवकांनी चालविलेला डेबियन प्रकल्प १९९३ पासून अव्याहत सुरू आहे.

विंडोजमध्ये कार्यप्रणाली आणि पडद्यावरचे तिचे रूप एकजीव करून विकले जाते. लिनक्सच्या जगात ही दोन स्वतंत्र अंगे आहेत. खिडक्यांच्या चौकटी सांभाळणारी आज्ञावली एक, पडद्याच्या कडेची पट्टी दुसरी, फाइली दाखविणारी तिसरी. या साऱ्यांची जुळणी म्हणजे डेस्कटॉप. जुळणी असल्यामुळे ती जड करता येते तशी हलकीही करता येते. १९९६ साली ऑलिव्हिए फूर्दाँ यांनी सुरू केलेला एक्सएफसीई, किंवा एलएक्सक्यूटी, हे असे हलके डेस्कटॉप आहेत.

त्यांची स्थापना ही काही गूढ विद्या नव्हे. आधी सर्व कागदपत्रांची दुसरी प्रत बाहेर काढून ठेवावी, कारण हार्ड डिस्क पुसली जाणार असते. मग डेबियनची स्थापना-प्रत पेन ड्राइव्हवर उतरवून संगणक त्यावरून सुरू करावा. शेवटच्या टप्प्यात डेस्कटॉपांची यादी समोर येते. तेथे जड पर्यायावरील खूण काढून एक्सएफसीईवर करावी. कार्यालयीन लेखनासाठी लिब्रेऑफिस त्याबरोबर येते. पुढे दोन गोष्टी कराव्यात. संगणक सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या आज्ञावलींची यादी उघडून जी लागत नाही ती बंद करावी, आणि खिडक्यांच्या सावल्या व पारदर्शकता काढून टाकावी. काम पडद्यावर चालते, सावल्यांवर नव्हे. डेबियनच्या मार्गदर्शिकेत डेस्कटॉपसह किमान १ जीबी रॅम व १० जीबी साठवण सांगितली आहे, तर शिफारस २ जीबी रॅमची आहे. विंडोज ११ च्या अटींशेजारी हे आकडे ठेवले म्हणजे ‘जुना’ या शब्दाचा अर्थ कोण ठरवितो हे कळते.

‘गरिबाची गाडी’ हा आक्षेप

यावर कित्येक साथी म्हणतात की, श्रमिकांना उत्तम ते मिळाले पाहिजे. श्रीमंतांनी टाकलेल्या यंत्रावर काटकसरीची कार्यप्रणाली घालून ती त्यांच्या गळ्यात मारणे म्हणजे दारिद्र्याचे गोडवे गाणे होय. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणूनच त्याचे उत्तर दिले पाहिजे. हलका डेस्कटॉप ही दुय्यम प्रतीची वस्तू नव्हे. २०११ साली ग्नोम या डेस्कटॉपचे रूप आमूलाग्र बदलण्यात आले तेव्हा ते नापसंत करून खुद्द टॉरवल्ड्स एक्सएफसीईकडे वळले. त्यांना चांगला संगणक परवडत नव्हता असे कोणी म्हणणार नाही. त्यांना हवे होते ते आपल्या कामाच्या आड न येणारे साधन.

त्याच घटनेचा दुसरा भाग अधिक बोधप्रद आहे. ग्नोमच्या धुरीणांनी जुने रूप सोडून दिले, परंतु त्या रूपाची संहिता सर्वांच्या मालकीची होती. अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने ती उचलली आणि मॅटे या नावाने तिची देखभाल सुरू केली. पुढे इतर येऊन मिळाले. मॅटे आजही चालू आहे आणि डेबियनच्या त्या यादीत त्याचेही नाव आहे. विंडोज १० वापरणाऱ्या कोट्यवधींना असे करता येईल काय? त्यांच्यात कुशल तंत्रज्ञ थोडे नाहीत. पण संहिता कुलपात आहे आणि किल्ली एकाच कंपनीकडे आहे. खरा भेद स्वस्त आणि महाग यांतला नाही, या किल्लीचा आहे.

वैराग्याचे ढोंग नको

मात्र साधेपणाच्या नावाखाली दुसरीही एक विकृती वाढली आहे. मोजक्या साधनांचा पुरस्कार करणाऱ्यांत एक पंथ असा आहे की ज्याला इतरांची अडचण हेच आपले भूषण वाटते. डीडब्ल्यूएम ही २००६ सालची खिडक्या सांभाळणारी आज्ञावली घ्या. तिची संहिता दोन हजार ओळींच्या वर जाऊ द्यावयाची नाही हा तिच्या कर्त्यांचा नियम, आणि तो स्तुत्य आहे. परंतु तिची मांडणी बदलावयाची तर सी भाषेतील संहिताच बदलावी लागते. त्यामुळे वापरकर्ते थोडे आणि निवडक राहतात, नवशिक्यांचे बावळट प्रश्न येत नाहीत, असे तिच्या परिचयात अभिमानाने सांगितलेले होते. मक्तेदाराने पैशाची भिंत बांधली आणि या मंडळींनी ज्ञानाची. भिंतीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला दोहोंत फरक काय?

या पंथाच्या साधेपणाची कसोटी मराठीत लिहू लागले की लागते. ‘क्ष’, ‘र्‍या’, ‘स्त्री’ अशी जोडाक्षरे पडद्यावर नीट उमटविण्यासाठी अक्षरांची जुळवणी करणारी वेगळी यंत्रणा लागते. अतिहलक्या म्हणविणाऱ्या काही साधनांनी ती अनावश्यक ओझे म्हणून वगळली आहे, आणि परिणामी तेथे देवनागरी तुटकी दिसते. इंग्रजीत लिहिणाऱ्याला जे ओझे वाटते ते मराठी माणसाचे अक्षर आहे. तेव्हा काय काढावयाचे आणि काय ठेवावयाचे हे ठरविताना प्रथम विचारले पाहिजे की, कोणासाठी? कचेरीच्या संगणकावरून सावल्या जाव्यात, चलच्चित्रे जावीत, नको त्या सूचना जाव्यात. जोडाक्षरे, इनस्क्रिप्ट कळफलक आणि यूनिकोड फाँट मात्र राहिलेच पाहिजेत. एक्सएफसीईवर ते विनासायास चालतात. खासगी फाँटांच्या सांकेतिक रचनेत अडकलेल्या जुन्या परिपत्रकांची दशा ज्यांनी पाहिली आहे, फाँट गेला की मजकुराऐवजी चिन्हांचा ढीग कसा दिसतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे महत्त्व अधिक सांगावयास नको.

भ्रमही नको

मुक्त आज्ञावली आली म्हणजे समता आली, असा भोळा समज कोणी करून घेऊ नये. लिनक्सच्या गाभ्यावरील बहुतेक काम आज बड्या कंपन्यांचे पगारी अभियंते करतात आणि त्याच कंपन्यांची प्रचंड यंत्रागारे लिनक्सवर चालतात. आयुष्याची मर्यादा येथेही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटी संगणकांसाठी स्थापना-प्रत उरलेली नाही. फरक इतकाच, पण तो मोठा आहे, की हा निर्णय उघड चर्चेने झाला आणि ज्यांना तो अमान्य असेल त्यांना संहिता घेऊन काम पुढे नेण्याची मोकळीक आहे. शिवाय हलका डेस्कटॉप म्हणजे जादू नव्हे. रॅमचा मोठा घास डेस्कटॉप घेत नाही, ब्राउझर घेतो. २ जीबीच्या संगणकावर वीस संकेतस्थळे एकदम उघडून वेगाची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

केवळ तंत्राने प्रश्न सुटत नाही याचा दाखला जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने दिला आहे. २००३ साली तिने लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले, आणि २०१७ साली नव्या राजकीय बहुमताने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. उलट केरळमध्ये २००१ साली सुरू झालेल्या शालेय संगणक शिक्षणाच्या प्रकल्पाने मुक्त आज्ञावलींचा स्वीकार केला, शिक्षकांना प्रशिक्षण दिले, पाठ्यपुस्तके त्यानुसार लिहिली, आणि तो स्वीकार सरकारे बदलूनही टिकला. म्युनिकमध्ये बदल प्रामुख्याने कचेरीच्या आत राहिला, केरळात तो हजारो शिक्षकांच्या हाताला लागला. ‘हे शिकविणार कोण?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. एक तज्ज्ञ शोधून त्याच्यावर विसंबणे हे उत्तर नव्हे. त्याने दोघांना शिकविले पाहिजे आणि त्या दोघांनी चौघांना.

केंद्र सरकारने शासकीय कामात मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण २०१५ सालीच जाहीर केले आहे. ते कागदावर राहू नये, नागरिकाला एका कंपनीची कार्यप्रणाली विकत घ्यावयास लावणारे कोणतेही शासकीय काम असू नये, ही मागणी प्रत्येक ग्रामसभेत व नगरपालिकेत मांडता येण्यासारखी आहे. परंतु ती मांडणाऱ्याची स्वतःची कचेरी त्याच कंपनीच्या दारात उभी असेल, तर त्या मागणीला धार येणार नाही.

म्हणून आरंभ जवळून व्हावा. प्रत्येक तालुका कचेरीने माळ्यावर टाकलेला एक संगणक खाली काढावा. त्यावर डेबियन आणि हलका डेस्कटॉप बसवावा, मुद्रक जोडावा, पहिले परिपत्रक यूनिकोड मराठीत टंकून छापावे. काय बसविले, काय काढले, कोठे अडले, हे एका वहीत मराठीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या माणसाला ते पुन्हा शोधावे लागणार नाही. ती वही शेजारच्या वाचनालयाला आणि शाळेला द्यावी. संगणक मेला असे सांगणाऱ्या कंपनीला त्या पहिल्या छापील परिपत्रकाहून चोख उत्तर दुसरे नाही.